लेक बर्फात निघाली तर काय काय विचारायचं?

गेल्या महिन्यात आपल्या गटांच्या बैठकांमधून एकच प्रश्न तीन ठिकाणांहून आला. शिकायला शहरात राहिलेली मुलगी म्हणते, मैत्रिणींबरोबर काश्मीरला गुलमर्गला जायचंय, बर्फावर स्कीइंग शिकायचंय, पालकांची सही पाहिजे. एका ताईंनी विचारलं, "सही करू का नको?" दुसऱ्या म्हणाल्या, "टीव्हीवर बघितलंय मी. पायाला फळ्या बांधून डोंगरावरनं खाली सुटतात. पडली म्हणजे?" तिसऱ्या तर फॉर्मच घेऊन आल्या होत्या. फॉर्म इंग्रजीत. तो वाचून दाखवला तर शेवटची ओळ अशी, की काही इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.

कर्जाचा कागद वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय आपण गटात लावून घेतली आहे. हाही कागदच आहे. सही करा किंवा करू नका, असं आम्ही सांगणार नाही. पण काही प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरं सरळ मिळाली तर पोरीला खुशाल पाठवावं, आणि उडवाउडवीची मिळाली तर भरलेले पैसे परत मागावेत. ते प्रश्न कोणते आणि ते का विचारायचे, एवढंच आज बोलू.

आधी हे आहे तरी काय ते समजून घेऊ. स्की म्हणजे लांब, अरुंद, पुढून वर वळलेल्या दोन पट्ट्या. एकेका पायाला एकेक, आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावरच बांधायचे आणि आडवं उभं राहून घसरायचं. आपल्या देशात हे शिकायला लोक मुख्यतः काश्मीरमधल्या गुलमर्गला, उत्तराखंडमधल्या औलीला आणि हिमाचलात मनालीजवळच्या सोलंगला जातात. हा खेळ फक्त परदेशी गोऱ्यांचा आहे असं समजू नका. मनालीजवळच्या बुरुवा गावची आंचल ठाकूर हिनं २०१८ साली तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक आणलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं पदक. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कधी बर्फ पडत नाही, पण तिथली भवानी नावाची मुलगी लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये देशासाठी उतरते. म्हणजे मुलीनं हे मनात आणलं तर त्यात वेडेपणा काही नाही.

पहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा. शिकवणार कोण, त्याचं प्रशिक्षण कुठं झालंय, एका शिक्षकामागं किती मुली? गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, लष्कराची शाळा आहे, आणि खासगी शिकवणारेही पुष्कळ आहेत. खासगी म्हणजे वाईट असं नाही. पण पर्यटकाला फळ्या बांधून, हाताला धरून शंभर पावलं ओढणारा आणि फोटो काढून देणारा माणूस वेगळा, आणि शिकवणारा वेगळा. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी वर नेतच नाही. जवळजवळ सपाट जागेवर चालायला लावतो, पडायला लावतो, उठायला लावतो. मग थांबायला शिकवतो. पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून दोन्ही पट्ट्यांची आतली कड बर्फात दाबली की वेग कमी होतो. या पद्धतीला जगभर बर्फाचा नांगरच म्हणतात. आपल्याला नांगर सांगायला नको. दाबला की जड जातो, तेच इथंही. थांबता येत नाही तोवर वरचा उतार नाही, हा नियम मुलीला आपणही बजावून सांगावा. मैत्रिणी पुढे गेल्या म्हणून आपणही जायचं, यातून अपघात फार होतात.

पडायचं तर आहेच. शिकणारी प्रत्येक जण पडते. तोल गेलाच तर उताराच्या कडेला, बाजूवर, कुल्ल्यावर पडावं. पडताना हात पसरून जमिनीला टेकवायचा मोह होतो, तो टाळायचा. स्नोबोर्डवाल्यांची मनगटं मोडतात ती यातूनच. म्हणून स्नोबोर्ड शिकणाऱ्यांनी मनगटाचे पट्टे घालावेत आणि पडताना मुठी मिटाव्यात. स्कीमध्ये जास्त जपायचे ते गुडघे. पट्टी लांब असते, ती एकीकडे वळते आणि अंग दुसरीकडे, मध्ये पिळवटतो तो गुडघा. काठीचा पट्टा हातात अडकला तर अंगठ्यालाही इजा होते.

गुडघा वाचवायला एक यंत्र असतं. बूट पट्टीला एका चापात बसवलेला असतो. जोराचा पिळा बसला की चाप आपोआप सुटतो आणि पाय मोकळा होतो. हा चाप किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि शिकणारीची तयारी बघून ठरवतात. फार घट्ट असला तर पडल्यावर सुटत नाही, फार सैल असला तर चालता चालता निघतो. म्हणून सामान भाड्यानं घेताना मुलीनं खरं वजन सांगावं. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण चार किलो कमी सांगायची सवय वयात आलेल्या मुलींना असतेच (आपल्यालाही). आणि दुकानदारानं काहीच न विचारता बूट, पट्ट्या हातात ठेवल्या तर ते दुकान सोडावं. स्नोबोर्डचे चाप मात्र असे सुटत नाहीत, दोन्ही पाय फळीलाच राहतात. त्याचं शिक्षण वेगळं, सांभाळणं वेगळं.

दुसरा प्रश्न हेल्मेटचा. हेल्मेट फीमध्ये धरलंय का, आणि ते सगळ्यांना सक्तीचं आहे का?

यासाठी एक गोष्ट सांगतो, आणि ती लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे दुचाकीवरून पडल्यावरही हेच घडतं. नताशा रिचर्डसन नावाची इंग्रज अभिनेत्री होती. १६ मार्च २००९ रोजी कॅनडात माँ ट्रांब्लां इथं, नवशिक्यांच्या उतारावर, शिक्षकाबरोबर शिकत असताना ती पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठली, हसली, बोलली, मला काही झालं नाही म्हणाली आणि डॉक्टरला नको म्हणाली. तासाभरानं डोकं दुखायला लागलं. १८ मार्चला ती गेली. वय ४५. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठत गेलं होतं. अशा इजेत माणूस सुरुवातीला अगदी शुद्धीवर असतो, म्हणूनच घरचे फसतात. डोक्याला मार लागल्यावर डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, उलटी, झोप आवरेनाशी होणं, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. आणि काही दिसलं नाही तरी त्या दिवशी पुन्हा उतारावर जायचं नाही. मुलीला एकटीला खोलीत झोपायलाही सोडायचं नाही.

हेल्मेट घातलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. मोटारशर्यतींचा जगज्जेता मायकेल शूमाकर चांगला स्कीपटू होता. २९ डिसेंबर २०१३ ला फ्रान्समधल्या मेरिबेल इथं तो आखलेल्या दोन उतारांच्या मधल्या, न आखलेल्या जागेत गेला, बर्फाखालच्या खडकावर अडखळला आणि डोकं दगडावर आदळलं. हेल्मेट होतं, म्हणूनच जीव राहिला असं डॉक्टर म्हणाले. पण तो आजवर लोकांसमोर आलेला नाही. आखलेल्या उतारावर यंत्रानं बर्फ दाबून सारखा केलेला असतो, दगड-खुंट दाखवलेले असतात. त्याच्या बाहेर पाच-दहा मीटरवरसुद्धा खाली काय दडलंय ते दिसत नाही. दोरी, निशाण किंवा पाटी लावलेली असेल तिथं दोरीच्या अलीकडेच राहायचं.

वाहतुकीचे नियम असतात तसे उतारावरचेही आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं दहा नियम केलेत. दहाही सांगत बसत नाही, तीन सांगतो. मागून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं. पुढचा कधी वळेल याचा नेम नाही, म्हणून जबाबदारी कायम वरून येणाऱ्याची. उताराच्या मधोमध, अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या मागं थांबायचं नाही, कारण वरून येणाऱ्याला आपण दिसत नाही. घाटात वळणावर गाडी लावू नये, तसंच हे. आणि पडलो तर लवकरात लवकर बाजूला व्हायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढत उताराच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या मुली या तिन्हीमध्ये सापडतात.

आता मोठा धोका. आपल्याकडे माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं घेतली की अंगावर काटा येतो. डोंगरावर पाणी मुरून दरड सुटते, तसाच बर्फाचाही थर सुटतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. बर्फ एका दिवसात पडत नाही, थरावर थर बसतात. मधला एखादा थर साखरेसारखा रवाळ आणि कच्चा राहिला, त्यावर नवा जड बर्फ पडला, की वरचं सगळं ओझं त्या कच्च्या थरावरून निसटतं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे जास्त होतं. कौलारू घराचं छप्पर डोळ्यांपुढं आणा, साधारण तेवढा उतार. एक-दोन दिवसांत भरपूर नवा बर्फ पडला असेल, वाऱ्यानं बर्फ एका बाजूला साचवला असेल किंवा एकाएकी ऊन तापलं असेल, तर धोका वाढतो. पायाखाली ढप्प असा पोकळ आवाज आला किंवा बर्फावर भेग पळत गेली तर ती पूर्वसूचना समजायची. आणि बरेचदा थर सुटतो तो त्यावरून जाणाऱ्या माणसाच्याच वजनानं.

गुलमर्गलाही हे घडलं आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला सराव करणारे लष्करी शाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. आपल्या साताऱ्या-सांगलीकडची कितीतरी घरं फौजेत आहेत, त्यांना ही बातमी आठवत असेल. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं वरच्या, मोकळ्या डोंगरउतारांवर होती. नवशिक्या मुलीला तिथं जायचं कारणच नाही.

म्हणून तिसरा प्रश्न: शिकवणार नेमकं कुठं? गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. तिथल्या खालच्या कुरणावर सौम्य उतार आहेत, शिक्षण तिथंच होतं. तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर. दुसऱ्या टप्प्यावरून स्कीनं खाली येणं हे जाणत्यांचं काम आहे. आयोजक म्हणाला, "शेवटच्या दिवशी मुलींना वरून खाली आणू," तर विचारा, कोणाबरोबर, कोणत्या वाटेनं, आणि त्या दिवशी हिमस्खलनाचा इशारा काय आहे हे कोण बघणार? या धोक्याची एक ते पाच अशी पायरी असते, पाच म्हणजे सर्वांत वाईट. तीन हा आकडा मधला दिसतो म्हणून बिनधास्त होऊ नये, त्यातही माणसं गाडली जातात.

जे मोकळ्या डोंगरात जातात ते प्रत्येक जण तीन वस्तू घेतात: अंगावर बांधायचं, गाडलेल्याचा ठाव सांगणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसून बघायची लांब घडीची सळई, आणि फावडं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच बहुधा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्यानं कमी होते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून बरोबरचे लोकच वाचवतात. एकाकडेच यंत्र असून उपयोग नाही. ज्यांच्या बोलण्यात या वस्तूंचं नावच नाही आणि जे मुलींना "वर पावडर बर्फात" न्यायचं म्हणतात, त्यांना नाही म्हणावं. यात भिडस्तपणा नको.

थंडी आणि उंचीबद्दल थोडं. हे मुलींनाही लागू, आणि सहलीला जाणाऱ्या आपल्यालाही. गेल्या हिवाळ्यात आपल्या दोन गटांच्या बायका मिळून काश्मीर बघून आल्या. तिथं भाड्यानं ओव्हरकोट आणि गमबूट मिळतात, त्यावर सगळ्यांनी भागवलं. आत मात्र सुती साडी आणि सुती परकर. सूत ओलं झालं की अंगाची ऊब शोषतं आणि बर्फात वाळत नाही. अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक कपडा, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट, असं हवं. साडीच नेसायची असेल तर आत लोकरी पायजमा घाला आणि पदर, ओढणी, स्कार्फ कोटाच्या आत खोचा. स्लेजगाडीत किंवा दोरात लोंबतं टोक अडकतं. एका ताई बर्फात घसरल्या, हात टेकला आणि काचेच्या बांगड्या मनगटात घुसल्या, तीन टाके पडले. बर्फात जाताना काचेच्या बांगड्या काढून ठेवा. सासूबाईंना आम्ही समजावतो. अंगठ्याही काढा, थंडीत बोटं सुजतात.

मोज्यांचा एक जास्तीचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर असावा. बोटं, नाक, कान पांढुरके पडून बधिर झाले तर चोळायचे नाहीत, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, आणि शेगडीजवळ किंवा कांगडीवरही धरायचे नाहीत. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ओलं काढा, काखेत किंवा कोमट पाण्यात ऊब द्या आणि डॉक्टरकडे न्या. माणूस कुडकुडायचा थांबला पण बडबड करायला लागला, पाय लटपटायला लागले, तर तो बरा होत नाहीये, त्याचं अंग आतून गार पडतंय. दारूनं ऊब येते हे खोटं आहे, उलट अंगाची ऊब निघून जाते.

ऊन फसवं असतं. ताजा बर्फ अतिनील किरणांतला पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त परत वर फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकाखालीही कातडी जळते. डोळ्यांचं तर विचारूच नका. गॉगल नसला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उघडवत नाहीत. ढग असले तरी गॉगल हवाच.

उंचीवर हवा विरळ असते. अफरवाटला ती समुद्रकाठच्या साठ-पासष्ट टक्केच भरते. श्रीनगरला उतरून त्याच दिवशी वरपर्यंत जाऊ नये. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली तर पुढं चढायचं नाही, वाढली तर लगेच खाली उतरायचं. आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे आपण शिबिरात दरवर्षी पाहतो. तशा बाईला आणि मुलीला तिथं लवकर दम लागतो. जाण्याआधी महिनाभर तरी तपासून घ्या म्हणजे गोळ्यांना वेळ मिळतो. दिवस गेलेले असतील तर स्की नको, स्लेजही नको. पाळी येणार असेल तर पॅड इथूनच न्या, उतारावर दुकान नसतं.

आता कागदाकडे परत येऊ. फॉर्मवर सही करण्याआधी विमा विचारा. आपल्यातल्या बहुतेकींचा २० रुपयांचा सुरक्षा विमा बँकेत काढलेला आहे, मुलीचाही असेल. तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. पाय मोडून आठ दिवस दवाखान्यात राहिलं तर त्यातून बिल मिळत नाही. प्रवासाचा विमा वेगळा काढला तरी बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, थोडे जास्त पैसे भरून ते घालून घ्यावे लागतात. "स्कीइंग धरलंय का" हे लेखी मागा. उतारावरून जखमीला खाली कोण आणतं, जवळचा हाडांचा डॉक्टर कुठं, याचं उत्तरही आयोजकाकडे तयार असायला हवं. विचार करून सांगतो म्हणाला तर आपणही विचार करून सांगतो म्हणावं.

आणि फोन. इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. मुलगी पोचली आणि तिचा फोन बंद लागला की आई रात्रभर जागी. म्हणून जाण्याआधी पोस्टपेड करून घ्या, आणि आयोजकाचा, शिक्षकाचा, मुक्कामाच्या जागेचा नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. विट्या-आटपाडीकडची सोनं गाळायचा धंदा करणारी माणसं देशभर आहेत, श्रीनगरातही आहेत. कुणाचं नात्यातलं तिथं असेल तर त्यांचाही नंबर मुलीच्या पिशवीत असू द्या. अडचणीत ११२ हा नंबर तिथंही लागतो.

प्रश्नांची यादी मोठ्या अक्षरांत छापून आम्ही प्रत्येक ग्रामसंघाकडे ठेवली आहे. ज्या ताई फॉर्म घेऊन आल्या होत्या, त्यांनी तीच यादी आयोजकाला फोनवर वाचून दाखवली. चार उत्तरं मिळाली, हेल्मेटचं आणि विम्याचं अजून यायचंय. सही तोवर थांबली आहे.